सात खुन्यांचा बाप

बासष्टाव्या वर्षी चिंतामणी सुखटणकर सात खुन्यांचे बाप झाले होते. घरचा मुलगा एकच, अनिश. तो लोअर परळला एका बँकेच्या ऑफिसात कामाला होता आणि त्याने जन्मात कुणाला साधा चिमटा काढल्याची नोंद नव्हती. बाकीचे सातही टीव्हीवरचे. पण वाडीत आता त्यांना अनिशचे वडील म्हणून कुणी ओळखत नसे, त्या सातांचा बाप म्हणूनच ओळखत. आणि खरं सांगायचं तर चिंतामणींना त्याचं वाईट वाटत नव्हतं.

वाईट वाटावं असं त्यांच्या आयुष्यात आधीही फारसं काही नव्हतं, तसं फार चांगलं वाटावं असंही नव्हतं. गिरगावात, खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात छत्तीस वर्षं नोकरी. आणि घरात बायकोचा, नलूचा शब्द. कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे हे चिंतामणी डोळे मिटून सांगत, पण ती मागायला आलेल्या माणसाशी बोलताना त्यांची नजर त्याच्या बुटांवर असे. मासळी बाजारात नलू घासाघीस करायला लागली की ते चार पाट्या पुढे जाऊन, आपला या बाईशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने उभे राहत. अनिश सातवीत असताना गणितात गडगडला, तेव्हा नलूने त्यांना बजावून बाहेरच्या खोलीत पाठवलं होतं, आज तुम्ही बोला, बापाचा धाक हवा. चिंतामणी बाहेर आले, मुलापुढे उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "अनिश, तुला आई बोलावतेय."

हौस एकच, नाटकाची. ऑफिसांच्या नाट्यस्पर्धेत ते दर वर्षी असत, आणि दर वर्षी पोस्टमन, निरोप्या किंवा गर्दीतला तिसरा इसम असत. एकदाच वकिलाची मोठी भूमिका मिळाली होती. 'माय लॉर्ड' एवढं म्हटल्यावर त्यांना पुढचं काहीच आठवेना, तेव्हा समोरच्या वकिलाने बिचाऱ्याने दोन्ही बाजूंनी खटला चालवला आणि त्याला त्या वर्षी बक्षीस मिळालं. चिंतामणींनी त्याचं मनापासून अभिनंदन केलं.

निवृत्तीनंतर दीड वर्षाने अक्षताचा फोन आला. ही मुलगी कॉलेजात असताना त्या स्पर्धांमध्ये प्रकाशयोजनेला मदत करायची. आता ती एका मराठी मालिकेसाठी नट निवडायचं काम करत होती. मालिकेचं नाव 'उगम गुन्ह्याचा'. दर रविवारी एक खुनी, आणि तोही साधासुधा नाही. एकाच खुनावर थांबलेल्याला तिथे प्रवेश नव्हता. किमान तीन तरी हवेत. आधी खून, मग पोलीस, आणि मधे चार मिनिटांचं खुन्याचं बालपण.

"काका, तुम्ही कारण आहात," अक्षता म्हणाली.

चिंतामणींना वाटलं आपल्या हातून काही चूक झाली. मग तिने नीट समजावलं. हा माणूस असा का झाला, याला कारण लागतं. ते कारण म्हणजे बाप. दारू प्यायलेला, ताट भिरकावणारा, कमरेचा पट्टा काढणारा बाप. नट खूप मिळतात, पण ते खलनायक वाटतात. तिला घरातला माणूस हवा होता, चाळीत शेजारच्या खोलीत राहील असा.

चित्रीकरण लोअर परळला, एका बंद गिरणीच्या आवारातल्या शेडमध्ये. आत एक खोटी खोली उभारली होती, तिच्यात खरी पेटी आणि खरी मोरी. चिंतामणींनी आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती की दारूला बोट लावलं नव्हतं, त्यामुळे झोकांड्या खायला त्यांना दिग्दर्शकाने शिकवलं. ओरडणं मात्र त्यांचं त्यांनी शोधलं. रेकॉर्ड विभागाचे एक साहेब फाइल वेळेवर मिळाली नाही की ज्या पट्टीत ओरडायचे, ती पट्टी त्यांनी छत्तीस वर्षं जपून ठेवली होती. ती बाहेर काढल्यावर शेडमधले दोन दिवेवाले दचकले.

मग पट्ट्याची वेळ आली. चिंतामणींच्या सगळ्या पँटींना नलूने इलॅस्टिक लावलेलं होतं. ही पँट कंपनीची, दोन मापं मोठी, आणि पट्ट्याच्या भरवशावर उभी. दिग्दर्शक म्हणाला, पट्टा काढा आणि पोराच्या दिशेने सावकाश चालत या. चिंतामणींनी पट्टा काढला, दोन पावलं टाकली, आणि पँट निघाली. त्यांनी डाव्या हाताने ती कमरेशी घट्ट आवळून धरली आणि उजव्या हातात पट्टा घेऊन चालत राहिले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते पाहून सगळी शेड गप्प झाली. दिग्दर्शक हळूच म्हणाला, हे परत घ्यायचं नाही, हेच ठेवायचं.

पडद्यावर ते भयंकर दिसलं. डावा हात कमरेशी आवळून धरायची ही लकब पुढे त्यांची खूणच झाली. दुसऱ्या भागापासून त्यांना मापाची पँट मिळाली, तरी हात तिथेच ठेवा असं सांगण्यात आलं.

खुनी दर रविवारी बदलायचा, पण बाप वरचेवर तोच, त्यामुळे वाडीत नाव झालं ते बापाचं. इतकी वर्षं चाळीच्या सभेत चिंतामणी शेवटच्या रांगेत, खांबाआड बसत. आता सेक्रेटरी मधेच थांबून विचारू लागला, "सुखटणकर, तुमचं काय मत?" त्यांना काहीच मत नसायचं. ते गप्प बसून राहत, आणि त्या गप्प बसण्याने टाकीच्या दुरुस्तीचे दोन ठराव मंजूर झाले. बाजारात कोळीण नलूकडे पाहून सुरमईचा भाव आपण होऊन उतरवायची आणि हळू आवाजात विचारायची, घरी बरा वागतो ना गं? नलू नुसता सुस्कारा सोडायची. तेवढ्याने मधला तुकडा मिळत असेल तर खुलासा कशाला करायचा, असा तिचा हिशेब.

अडचण झाली ती अनिशच्या लग्नावरून. मुलगी त्याने स्वतःच पसंत केली होती. सुरुची तिचं नाव, दादरची, मानसशास्त्र शिकलेली आणि एका शाळेत मुलांची समुपदेशक. तिला मालिकेचं काही वाटत नव्हतं, पण तिच्या आईला वाटत होतं. भेटायला आल्यावर ती माउली दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली, आणि चिंतामणी पाणी द्यायला म्हणून उठले तर तिने पर्स छातीशी धरली. पाणी देताना चिंतामणींच्याच हातातला पेला हिंदकळला. तिथे तिचा जीव भांड्यात पडला.

चहाच्या वेळी सुरुचीच्या वडलांनी विषय काढलाच. माणूस जन्मतःच असा असतो, की घरचे त्याला तसा करतात? सुरुचीने सांगितलं की यावर जगभर माणसं आयुष्यं घालवतायत. जुळे भाऊ तपासून झाले, दत्तक गेलेली मुलं तपासून झाली. काही रक्तातून येतं, काही घरातून, काही डोक्याला लागलेल्या मारातून, काही नुसत्या योगायोगातून, आणि हे कुणात कसं मिसळतं ते कुणालाच सांगता येत नाही.

"आणि काका, मार खाल्लेली बहुतेक मुलं मोठेपणी कुणाला मारत नाहीत," ती म्हणाली. "ती तुमच्या मालिकेत येत नाहीत, एवढंच."

चिंतामणींनी यातला घराचा वाटा तेवढा ऐकला आणि ते मनातून सुखावले. जगभरची विद्वान माणसं ज्यावर भांडतायत त्या प्रश्नाची एक बाजू म्हणजे आपण. नलूला मात्र वाटणी पटली नव्हती. रक्तातलं म्हणजे निम्मं तिचं, आणि घरातलं म्हणजे सगळंच तिचं, कारण हे दिवसभर ऑफिसात. मग मुलाचं काही बिघडलं असतं तर सगळं खापर तिच्या एकटीच्या डोक्यावर, असं तिने सर्वांदेखत मोजून दाखवलं. अनिश म्हणाला, "आई, माझं काही बिघडलेलं नाहीये." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

लग्न ठरलं. आणि पुढच्याच महिन्यात, सातवा भाग लागून गेल्यावर तीन दिवसांनी, दुपारी एक माणूस दारात येऊन उभा राहिला.

पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, चप्पल बाहेर काढून जोडीने नीट ठेवलेली. सुखटणकर साहेब आहेत का, म्हणाला. चिंतामणींना वाटलं सही घ्यायला कुणीतरी आलं, हल्ली अशी दोन माणसं आली होती. त्यांनी डावा हात सवयीने कमरेशी नेला.

"मी दीपक घाडी," तो म्हणाला. "लालबागला राहतो. हिंदमाताला साडीच्या दुकानात आहे. आमच्या दुकानात दर्शना म्हणून आहे, तिचं आजोळ तुमच्या वाडीत. तिने पत्ता दिला." मग म्हणाला, "रविवारी तुम्ही केलात ते माझे वडील होते."

चिंतामणींचा हात खाली आला.

मालिकेत नावं बदललेली होती, पण बाकीचं तसंच होतं. लालबागची चाळ, गिरणीतला बाप, आई लवकर गेलेली, दोन मुलगे. थोरल्याने मोठेपणी चार म्हाताऱ्या माणसांशी ओळख वाढवली, त्यांची औषधं आणून दिली, त्यांच्याकडे बसून गप्पा मारल्या, आणि एकेकाला चहातून विष घातलं. कशासाठी ते कोर्टात शेवटपर्यंत नीट कळलं नाही. तो जन्मठेप भोगत होता. त्याचं खरं नाव गणपत, आणि हा त्याचा धाकटा भाऊ.

नलूने चहा आणला आणि कप पुढे करता करता तिचा हात अडखळला. दीपकच्या ते लक्षात आलं. त्याने कप आपण होऊन घेतला.

"मी पितो," तो म्हणाला. "आमच्या घरचा चहा कुणी पीत नाही, तेवढंच."

तो भांडायला आला नव्हता. भांडणाची त्याला सवयही दिसत नव्हती. त्याला एवढंच सांगायचं होतं की त्याच्या वडलांनी कधी पट्टा काढला नाही. त्यांच्याकडे पट्टाच नव्हता, लेंगा असायचा. धोंडू घाडी स्पिनिंग खात्यात होते. सकाळपाळी असली तरी पहाटे उठून दोन्ही मुलांचे शाळेचे शर्ट धुवायचे, आणि इस्त्री नव्हती म्हणून तांब्यात निखारे घालून तो शर्टावर फिरवायचे. दारू नाही. मारणं तर नाहीच. शेजारी म्हणायचे, धोंडू, बिन आईची पोरं आहेत, एखादी थप्पड दे, नाहीतर वाया जातील. तर ते म्हणायचे, "माजो हात जड आसा, पोराक लागात."

"गणपतला पकडला तेव्हा बाबा जिवंत होते," दीपक म्हणाला. "नंतर तीन वर्षं होते. येणारा प्रत्येकजण त्यांनाच विचारायचा, असं काय केलंत? पोलिसांनी विचारलं, पेपरवाल्यांनी विचारलं. मग ते स्वतःलाच विचारायला लागले. दिवसभर खाटेवर बसून आठवायचे. शेवटी त्यांना एक सापडलं. मी पाच वर्षांचा असताना गावच्या जत्रेला मला घेऊन गेले, आणि गणपतला ताप होता म्हणून आत्याकडे ठेवला. तेवढंच. म्हणाले, ता माजा चुकला. मरेपर्यंत तेच धरून बसले."

चिंतामणींना स्वतःचा तो ओरडण्याचा आवाज आठवला, दिवेवाले दचकले होते तो, आणि कानशिलं तापली. ते काय म्हणाले ते त्यांना नंतर नीट आठवत नव्हतं. माफ करा असं काहीतरी असावं, कारण दीपक म्हणाला, तुम्ही कशाला, तुम्हाला लिहून दिलेलं तुम्ही केलंत. फक्त निदान एका माणसाला खरं माहीत असावं असं वाटलं, आणि तो माणूस तुम्हीच असलात तर बरं, कारण आता लोकांना बाबा म्हणजे तुमचाच चेहरा दिसणार. मग त्याने कप स्वतः मोरीत नेऊन विसळला आणि गेला.

त्या दिवशी चिंतामणी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ऑफिसला जाताना घालायचा तो शर्ट घातला आणि लोअर परळला गेले. छत्तीस वर्षांत कुठल्याही साहेबापुढे जे त्यांनी केलं नव्हतं ते तिथे केलं, दिग्दर्शकापुढे उभं राहून, बुटांकडे न पाहता, तक्रार सांगितली. अक्षताचा चेहरा उतरला. दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "काका, कारण दिलं नाही ना, तर माणूस टीव्ही बंद करून आपल्या मुलांकडे बघायला लागतो. ते कुणाला झेपत नाही. बाप दारुडा होता म्हटलं की आपण सुटलो, आपण काही दारुडे नाही."

चिंतामणींना हे बरोबरही वाटलं आणि फार चुकीचंही वाटलं. दाखवून झालेला भाग आता बदलता येत नव्हता. पण पुढच्या भागातला बाप त्यांना हवा तसा करा, अशी मोकळीक दिग्दर्शकाने दिली. हा आठवा खुनी पूर्ण काल्पनिक होता, तेव्हा कुणाचा भाऊ दारात येण्याची भीती नव्हती.

चिंतामणींनी आठ दिवस तयारी केली. नलूला मुलगा करून समोर बसवलं. दारू नको, पट्टा नको, ओरडणं नको. चित्रीकरणाच्या दिवशी ते खोट्या खोलीत शिरले, दाराशी चप्पल नीट काढली, खुंटीवरचा मुलाचा शर्ट काढून घडी घातली, त्याच्याजवळ जाऊन बसले, डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवलास का रे?" एवढंच. अनिशला कधीकाळी विचारलं असेल तसं. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. चिंतामणी घरी आले ते पाय जमिनीला न टेकता, आणि रविवारी त्यांनी अनिश, सुरुची आणि तिच्या आईवडलांनाही बघायला बोलावलं.

भाग लागला. बालपण आलं. पण तिथे आता संगीत होतं, खोल विहिरीतून यावं तसं. चप्पल काढणं अर्ध्या गतीने. शर्टाची घडी अगदी जवळून, फक्त बोटं. मुलाच्या डोक्यावर येणारा हात सावलीतून येत होता आणि यायला फार वेळ घेत होता. "जेवलास का रे?" हे वाक्य तीनदा घुमलं. सुरुचीच्या आईच्या हातातला लाडू तसाच राहिला. मग जाहिरात लागली.

"बाप रे," सुरुचीचे वडील म्हणाले. "पट्ट्याचा परवडला."

अक्षताचा फोन आला. थंड क्रूरपणाचं इतकं चांगलं काम आजवर कुणी केलं नव्हतं, लोक वेडे झालेत, असं ती म्हणाली. चिंतामणींनी फोन नलूकडे दिला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. सुरुची त्यांच्या मागोमाग आली. ती समजूत घालायला आली होती, पण तिलाच हसू आवरत नव्हतं. शेवटी ती पदराने तोंड झाकून हसली आणि मग चिंतामणींनाही कसंनुसं हसू आलं.

दुसऱ्या दिवशी ते हिंदमाताला गेले. दीपकचं दुकान जुनं, आत पांढरी गादी, तिच्यावर उघडलेल्या साड्यांचा ढीग, आणि दीपक मांडी घालून एकेक साडीची घडी घालत होता. चिंतामणी गादीच्या कडेला बसले आणि त्यांनी झालं ते सगळं सांगितलं, तयारी, नलूला मुलगा करणं, चप्पल, घडी, संगीत. दीपक आधी गंभीरपणे ऐकत होता. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता साड्यांच्या ढिगावर रेलला. पलीकडच्या गिऱ्हाइकाला शालू दाखवणारी बाई वळून बघायला लागली. तीच दर्शना. नंतर तिने चिंतामणींना सांगितलं की दीपकला असं हसताना तिने बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

"म्हणजे मारलं तरी बापच, नाही मारलं तरी बापच," दीपक डोळे पुसत म्हणाला.

मग तो एकदम शांत झाला आणि साडीच्या काठावरून बोट फिरवत त्याने विचारलं, तुमच्या होणाऱ्या सूनबाई यातलं शिकल्यात ना, त्या मला भेटतील का? मला एक विचारायचंय.

भेट दुकानातच झाली, कारण तसाही लग्नाचा बस्ता बांधायचा होता आणि नलूने सगळ्यांना तिथेच आणलं. दीपकने सर्वांसाठी चहा मागवला. ट्रे गादीवर आला आणि क्षणभर कुणाचाच हात पुढे झाला नाही, तेवढ्यात नलूने कप उचलला, एक घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणून पोऱ्याला परत पाठवलं. पुढे तिने त्या दुकानात अडीच तास घालवले आणि एकही साडी दीपकने दाखवलेल्या पहिल्या किमतीत घेतली नाही.

साड्या बांधून होईपर्यंत दीपकने सुरुचीला बाजूला बोलावलं. चिंतामणीही सोबत होते. त्याने विचारलं ते असं. बारा वर्षांपूर्वी त्याचं लग्न होऊ घातलं होतं. मुलीची तयारी होती, तिला सगळं माहीत होतं. त्यानेच नको म्हटलं. रक्त एकच, असं त्याला वाटलं. गणपतमध्ये जे होतं ते आपल्यातही कुठेतरी असेल, आपल्यात नाही निघालं तर मुलात निघेल. मुलगी कोण हे त्याने सांगितलं नाही, पण सांगताना त्याची नजर दर्शनाच्या बाजूला चुकूनही जात नव्हती, त्यावरून चिंतामणींना कळलं. सुरुचीला तर आधीच कळलं असावं.

"ते खरं आहे का?" दीपकने विचारलं. "आणि बाबांचं ते जत्रेचं?"

सुरुची म्हणाली, "काका, पुस्तकात हजार हजार माणसांचं लिहिलेलं असतं. पुस्तक बघून एका माणसाचं सांगता येत नाही. तुम्ही दोघं एकाच आईबापाचे, एकाच खोलीत वाढलात, बाबांनी शर्टही दोघांचे एकाच तांब्याने कडक केले. आणि तुम्ही गेली तीस वर्षं साड्यांच्या घड्या घालताय. जत्रेला नेलं नाही म्हणून कुणी असं होत नाही, एवढं मी नक्की सांगते."

"मग गणपत का झाला?"

"माहीत नाही," सुरुची म्हणाली. "मला तरी नाही, आणि कुणी छातीठोक सांगितलं तर त्यालाही नाही."

दीपक बराच वेळ मान हलवत राहिला. आजवर इतक्या शिकलेल्या माणसांनी त्याला कारण सांगितलं होतं. माहीत नाही असं सांगणारी ही पहिलीच, असं तो म्हणाला, आणि सुरुचीच्या शालूवर दुकानाच्या मालकाला न विचारता एक ब्लाउजपीस ठेवून दिला.

चिंतामणींनी बापाची कामं सोडली. अक्षताने खूप समजावलं, मग नाइलाजाने त्यांना पंच केलं. पोलीस पंचनामा करतात तेव्हा मागे उभा राहून सही करणारा माणूस. संवाद नाही. त्या कामात ते इतके समरस झाले की सही करण्याआधी कागद खरोखर वाचायचे, आणि एकदा त्यात तारीख चुकल्याचं दाखवून त्यांनी सगळं चित्रीकरण वीस मिनिटं थांबवलं. वाडीतला दरारा मात्र दोन महिन्यांत ओसरला. सेक्रेटरी त्यांचं मत विचारीनासा झाला. कोळणीने सुरमई पुन्हा पहिल्या भावावर नेली, आणि नलूने त्याचा राग कोळणीवर न काढता चिंतामणींवर काढला.

अनिशचं लग्न दादरच्या एका हॉलमध्ये झालं. दीपक आला, त्याच इस्त्रीच्या शर्टात. दर्शनाही आली. दोघं बरोबर आली नव्हती, पण वेगवेगळ्या वेळी येऊनही शेवटी एकाच रांगेतल्या खुर्च्यांवर बसली. नलू मंडपातून दोनदा तिकडे बघून गेली आणि तिसऱ्यांदा तिने दर्शनाला पानसुपारीच्या तबकापाशी कामाला लावलं, म्हणजे दीपकला उठून तिकडे जायला निमित्त मिळेल.

जेवणाच्या आधी चिंतामणींचा एक जुना सहकारी पाहुण्यांत फिरत होता. त्याला माणसं ओळखायची फार हौस. दीपकपाशी येऊन तो थबकला आणि म्हणाला, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय, पेपरात वगैरे आला होतात का. दीपकचा चेहरा पडायला लागला. चिंतामणी तिथेच, पेढ्यांचं ताट घेऊन उभे होते.

"हे धोंडू घाडींचे चिरंजीव," चिंतामणी म्हणाले, बऱ्यापैकी मोठ्याने.

सहकाऱ्याने विचार केला. नाव ओळखीचं वाटत नव्हतं, पण तसं कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"म्हणजे ते गिरणीतले का?"

"हो, स्पिनिंगला होते," दीपक म्हणाला.

"चांगला माणूस," सहकारी ठामपणे म्हणाला, आणि पंगत बसतेय का बघायला निघून गेला.